मौन शिबिरातून घरी परतल्यावरचे दिवस

झुळूक

मौन शिबिराबद्दल विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. दहा दिवस न बोलता राहता येतं का, पाय किती दुखतात, पहाटे चारला खरंच उठवतात का. ह्यांची उत्तरं जाऊन आलेला कुणीही देईल. परत आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही आणि आलेलेही आपणहून सांगत नाहीत. माझ्या मते सगळ्यात नाजूक काळ तोच असतो आणि त्याची तयारी जायच्या आधी करायची असते. म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतल्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला घंटा होते, साडेचारला पहिली बैठक सुरू होते आणि दहाच्या आत दिवे मालवतात. दिवसाचे जवळजवळ दहा तास बसण्यात जातात. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघत राहायचा. चौथ्या दिवशी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवायचं, जी संवेदना असेल ती बघायची, आवडली म्हणून धरायची नाही आणि नकोशी झाली म्हणून ढकलायची नाही. तिथून पुढे रोजच्या तीन सामूहिक साधना अधिष्ठानाच्या असतात. तासभर हात सोडायचे नाहीत, पाय सोडायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. मौन असतं ते आर्य मौन, त्यामुळे खाणाखुणाही नाहीत आणि नजरानजरही नाही. फोन, पुस्तकं, वही-पेन सगळं आधीच जमा केलेलं.

इतके दिवस बाहेरून काहीच आत येत नाही, तेव्हा मन फार बारीक होतं. शेजारच्या आसनावर कुणी शाल उलगडली तरी ती पूर्ण ऐकू येते. दाराची कडी कुणी हळू लावली आणि कुणी आदळली ते न बघता कळायला लागतं. आत असताना हे छान वाटतं. अडचण अशी की शिबिर संपलं तरी मन तसंच राहतं आणि जग मात्र होतं तसंच असतं.

मौन दहाव्या दिवशी सकाळी सुटतं आणि शिबिर संपतं अकराव्या दिवशी सकाळी. मधला दिवस त्याचसाठी ठेवलेला आहे. पहिलं वाक्य बोलताना घसा अडतो, स्वतःचा आवाज परका वाटतो. अर्ध्या तासात भोजनकक्षात एवढा गलका होतो की काहीजण उठून परत हॉलमध्ये जाऊन बसतात. तेही आपणच, हेही आपणच.

मग घर. मला पहिल्यांदा ऐकू आला तो फ्रिजचा आवाज. तो बंद झाला की घर किती शांत होतं तेही तेव्हाच कळलं. कुणी काही विचारलं की माझ्या उत्तराआधी एक फट पडायची. प्रश्न ऐकला जायचा, अंगात काय हललं ते दिसायचं, मग शब्द. समोरच्याला वाटायचं हिला ऐकू आलं नाही, नाहीतर राग आलाय. दोन माणसं एकदम बोलायला लागली आणि मागे टीव्ही चालू असला की मला खोलीतून उठावंसं वाटायचं. झोप कमी लागत होती, पण थकवा नव्हता.

आणि मग आठवड्याच्या आतच ते होतं. किल्ली जागेवर नाही, उशीर होतोय, आवाज चढतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, "एवढं शिबिर करून आलीस ना?" हा घाव वर्मी बसतो. बरेच जण इथेच खचतात आणि सगळं वाया गेलं म्हणून साधना सोडतात. मला हे मनापासून सांगायचंय की काहीही वाया गेलेलं नसतं. शिबिरात राग यायला कारणच नव्हतं, घरी आहे. फरक एवढाच पडतो की आवाज चढताना कान तापलेत, छातीत धडधडतंय, हे त्याच क्षणी कळतं. पूर्वी ते दुसऱ्या दिवशी कळायचं, किंवा कधीच नाही.

ह्या परंपरेत मला जे सगळ्यात भावतं ते तिच्या माणसांत आहे. ब्रह्मदेशातले लेडी सयाडो (1846–1923) स्वतः भिक्षू होते, पण त्यांनी ही साधना गृहस्थांना खुली केली. त्यांचे शिष्य सया थेटजी (1873–1945) शेतकरी होते. त्यांचे शिष्य सयाजी ऊ बा खिन (1899–1971) सरकारी नोकर, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल. त्यांनी कचेरीतच साधनेची खोली केली होती आणि 1952 मध्ये रंगूनला केंद्र काढलं. गोयंका मंडालेत जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीने हैराण होऊन 1955 मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, 1969 मध्ये भारतात आले आणि 1976 मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहिलं. शेती करणारा, फायली बघणारा, व्यापार करणारा. ही साधना परत घरी जाणाऱ्या माणसांच्या हातून आली आहे. म्हणून परतणं हा तिचाच भाग आहे असं मी मानते.

तुमचे परतल्यानंतरचे दिवस कसे गेले? सविस्तर लिहा.

रानवाट

फार गरजेचा विषय. फ्रिजच्या आवाजाला +१.

माझी एक सूचना. शिबिर संपतं त्या दिवशी फोन परत मिळतो आणि बहुतेकजण तिथल्या तिथे चालू करतात. करू नका. घरी "पोचतोय" एवढं कळवायचं, ते आधीच ठरवून ठेवा किंवा दुसऱ्याच्या फोनवरून कळवा. इतक्या दिवसांचे निरोप एकामागून एक पडायला लागतात तेव्हा अंगठा आपोआप सरकत राहतो आणि ते बघणारं मन पाच मिनिटांत गायब होतं. मी फोन बॅगेत तळाशी ठेवून प्रवास केला. खिडकीतून बाहेर बघत आलो. कामाचे निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी उघडले, त्यात तातडीचे म्हणावेत असे दोन होते आणि ते दोन्ही माझ्यावाचून मार्गी लागलेले होते.

दुसरं म्हणजे रजा एक-दोन दिवस जास्त घ्या. रविवारी परतून सोमवारी सकाळी मीटिंगला बसायचं हे शरीरालाही झेपत नाही.

सावली_७

मी शिबिराला गेलेली नाही. माझे यजमान जाऊन आले. दुसरी बाजू कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

ते मौनात होते तेव्हा घरात मौन नव्हतं. लहान मूल, सासूबाईंची औषधं, माझी नोकरी, सगळं चालूच होतं. त्यांच्याशी संपर्क नाही हे मान्य करूनच पाठवलं होतं, तक्रार त्याची नाही. मला त्रास झाला तो ते आल्यावर. मी दारापासून बोलायला लागले, कारण इतक्या दिवसांचं साठलं होतं. ते शांतपणे ऐकत होते आणि चेहऱ्यावर काहीच नाही. मी रडले तरी शांत. मला वाटलं समोर भिंत आहे. रात्री मूल उठलं तर मीच उठले, कारण पहाटे त्यांना बसायचं होतं. पुढे मी चिडले की ते म्हणायचे, "हेही बदलेल." खरं सांगते, त्या वाक्याची मला चीड यायची. माझा राग म्हणजे त्यांच्या साधनेचा एक विषय होऊन बसला होता.

कुणाच्याही साधनेबद्दल मला अनादर नाही. पण घरातली एक व्यक्ती शांत होण्यासाठी दुसरी दुप्पट राबत असेल, तर परत आल्यावर पहिलं काम तिचं ऐकणं आणि तिला झोपू देणं हे आहे, असं मला वाटतं. शिबिरात हे सांगतात का?

झुळूक

@सावली_७, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे, आणि मनापासून आभार. शिबिरात आणायला सांगतात ती समता. समता म्हणजे समोरच्याचं दुःख न लागणं नव्हे. मौन सुटतं त्या दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवतात ती त्यासाठीच, म्हणजे मिळालेली शांती दुसऱ्याकडे वळवायची. पण इतके दिवस प्रतिक्रिया न देण्याचा सराव झालेला असतो आणि घरच्यांना तो चेहरा पहिल्यांदा दिसतो. पुष्कळ जण स्वतःलाही ते समजावून सांगू शकत नाहीत.

"हेही बदलेल" हे स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्याला सांगायचं असतं. दुसऱ्याच्या रडण्याला नाही.

तुमचा दुसरा मुद्दा मला जायच्या तयारीतला पहिला वाटतो. घरी राहणाऱ्याला किती सुट्टी, कधी, आणि परतल्यावर रात्रीचं मूल कोण बघणार, हे अर्ज भरताना ठरलं पाहिजे.

कातळ

मी वेगळ्या पद्धतीने बसतो, म्हणून थोडं वेगळं लिहितो.

ब्रह्मदेशातले भिक्षू महासी सयाडो (1904–1982) यांच्या पद्धतीत बसणं आणि चालणं आलटून-पालटून असतं, आणि मधल्या प्रत्येक कृतीची मनात नोंद घ्यायची असते. हात उचलतोय, दार ढकलतोय, पाणी गिळतोय. सगळं इतकं संथ की हॉलपासून खोलीपर्यंत जायलाच बराच वेळ लागतो. झेनच्या सेश्शिनमध्येही, म्हणजे त्यांच्या साधना शिबिरात, बसण्याच्या मधे किन्हीन म्हणजे चालणं असतं आणि सामू म्हणजे रोजचं काम असतं. झाडणं, भांडी घासणं, भाजी चिरणं, मौनातच. ते काम साधनेच्या बाहेरचं समजत नाहीत.

ह्याचा मला परतल्यावर फार उपयोग झाला. घरी तासभर बसायला मिळालं नाही तरी भांडी होतीच. नळाच्या पाण्याचा थंडपणा मनगटापर्यंत येतो, ताटाची कड बोटाला लागते, मन ऑफिसात गेलं की ताट हातात थांबतं. ते थांबलेलं ताट दिसलं की परत यायचं. @सावली_७, तुमच्या यजमानांना हे नक्की सुचवा. भांडी घासून साधना होते हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतोय.

दहा तास डोळे मिटून बसलेल्या माणसाला उघड्या डोळ्यांनी, हात चालू असताना सजग राहण्याचा सराव कमी मिळतो असं माझं निरीक्षण आहे. घरचं आयुष्य तर सगळं उघड्या डोळ्यांचं. ज्यांना परतणं जड जातं त्यांनी रोज वीस मिनिटं नुसतं चालून बघावं, पावलांवर लक्ष ठेवून.

मोरपीस

@कातळ, पटलं. पण एक शंका राहते. गोयंकाजींच्या परंपरेत सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात, शिवाय आठवड्यातून एकदा सामूहिक साधना आणि वर्षातून एक शिबिर. नोकरी आणि घर सांभाळून दोन तास कुणाला जमतात? माझ्या ओळखीतले बहुतेक जण महिनाभर करतात, मग एक वेळ सुटते, मग दुसरी. आणि सुटली की असं ओशाळं वाटतं की परत शिबिराचं नाव काढायला नको होतं. दोन तासांचा आग्रह माणसं जोडतो की तोडतो?

वाटाड्या२

@मोरपीस, मी धम्मसेवक म्हणून काही शिबिरांत राहिलो आहे, म्हणजे साधकांची व्यवस्था बघायची, घंटा वाजवायची, भोजनाचं बघायचं. त्या अनुभवावरून लिहितो.

दोन तासांच्या सांगण्यामागे कारण आहे. शिबिरात मन जेवढं बारीक होतं तेवढं रोजच्या धबडग्यात टिकत नाही, आणि अर्ध्या तासात बहुतेकांचं मन नुसतं खाली बसतं. संवेदना दिसायला लागतात त्या त्यानंतर. म्हणून तास. पण एक तास झाला नाही म्हणून दहा मिनिटंही न बसणारे मी पुष्कळ पाहिलेत आणि त्याचं वाईट वाटतं. झोपण्याआधी आणि उठल्यावर अंथरुणातच पाच मिनिटं, हेही सांगितलेलं असतं. ते कुणाला आठवत नाही, कारण ते फार छोटं वाटतं. माझ्या पाहण्यात जे टिकले ते बहुतेक ह्या पाच मिनिटांवर टिकले आणि पुढे तासावर आले.

एकट्याने बसणं सुटतं. चार जणांत बसलं की टिकतं. जवळपास जुने साधक कुठे बसतात ते शोधा. जुन्या साधकांसाठी एक दिवसाची आणि तीन दिवसांची शिबिरंही असतात.

सेवेला जाण्याचा एक फायदा कुणी सांगत नाही. तिथे तुम्ही रोज तीन सामूहिक साधनांना बसता आणि बाकी वेळ काम करता, गरजेपुरतं बोलता, कधी दुसऱ्या सेवकाशी मतभेदही होतात. शिबिर आणि घर ह्यांच्या मधली ती पायरी आहे. मला घरी शांतपणे नाही म्हणता यायला लागलं ते तिथे शिकून.

नवखा_साधक

सगळं वाचतोय. माझा अर्ज मंजूर झालाय आणि धाकधूक आहे. एक विचारायचं होतं. मला नैराश्यासाठी औषध चालू आहे. अर्जात आजार आणि औषधांचा रकाना आहे, पण ओळखीतले एकजण म्हणाले लिहू नकोस, नाकारतील. आणि तिथे गेल्यावर औषधाची गरजच राहणार नाही. काय करू?

पाऊलखुणा

@नवखा_साधक, कृपया हे नीट वाचा. मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते आणि स्वतः साधनाही करते.

अर्जात सगळं खरं लिहा. औषधाचं नाव, मात्रा, किती दिवसांपासून. औषध स्वतःहून बंद करू नका आणि शिबिराला जाण्यासाठी तर मुळीच नाही. काही औषधं अचानक बंद केली तर त्यानेच झोप उडते, घबराट होते, आणि त्यात पहाटे चारची घंटा, दहा तासांची बैठक आणि बोलायला कुणी नाही. तुमच्या डॉक्टरांना शिबिराचं वेळापत्रक दाखवा. नुसतं "ध्यानाला जातोय" म्हणालात तर ते रोजची वीस मिनिटं समजतील. त्यांनी थांबा म्हटलं तर थांबा. केंद्राने थांबा म्हटलं तरी तो अपमान नाही, ती काळजी आहे.

सखोल साधनेत त्रासदायक अनुभवही येतात. हे लपवण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या जॅरेड लिंडाल, विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी साधकांच्या आणि शिक्षकांच्या मुलाखती घेऊन असे अनुभव नोंदवले. तो अभ्यास 2017 मध्ये 'प्लॉस वन' या संशोधन नियतकालिकात आला. त्यात 59 प्रकारचे अनुभव सात गटांत मांडलेत. झोप न येणं, भीती, आवाज आणि प्रकाश सहन न होणं, स्वतःपासून किंवा जगापासून तुटल्यासारखं वाटणं, नात्यांत आणि कामात अडचणी. म्हणजे साधना वाईट असं त्यातून निघत नाही. पण हे होऊ शकतं, त्याला नाव आहे आणि त्याच्यावर मदत आहे, एवढं जाणाऱ्याला माहीत हवं.

इथे @झुळूक यांनी लिहिलेली ती फट, तो फ्रिजचा आवाज, कमी झोप, हे बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. पण सलग काही रात्री झोपच नाही, विचारांचा वेग आवरत नाही, आपल्याला काहीतरी विशेष कार्य दिलंय असं वाटायला लागलं, किंवा जगणंच खरं वाटेनासं झालं, जीव द्यावासा वाटला, तर साधना वाढवायची नाही. थांबवायची, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. पोटभर खा, चाला, मातीत हात घाला, माणसांत बसा. घरच्यांनीही ही लक्षणं ओळखावीत. "शिबिराचा परिणाम आहे, निघून जाईल" म्हणून आठवडे घालवू नयेत.

नवखा_साधक

धन्यवाद पाऊलखुणा. डॉक्टरांची वेळ घेतली. वेळापत्रक छापून नेतो.

रानवाट

@पाऊलखुणा, ह्या प्रतिसादाबद्दल शतशः धन्यवाद. शिबिरातही काही असह्य झालं तर मौन मोडायची भीती बाळगू नये, हे जोडतो. मौन साधकांचं आपापसातलं असतं. सहायक आचार्यांशी दुपारी भेटून बोलता येतं आणि व्यवस्थेची अडचण धम्मसेवकांना केव्हाही सांगता येते. बरेच नवे लोक दुखणं अंगावर काढत बसतात.

मोरपीस

@वाटाड्या२, पाच मिनिटांचं मी पार विसरले होते. आज रात्रीपासून.

सावली_७

कातळ यांचा भांड्यांचा प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवला. पूर्ण वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मला वाटलं होतं मी काही बोललो तर तुला अजून त्रास होईल." इतके दिवस मी ज्याला भिंत म्हणत होते त्याच्या मागे हे होतं. मग खूप वेळ बोललो आम्ही. रागावूनही बोललो.

आता माझा प्रश्न. पुढच्या वर्षी मी जावं असं ते म्हणताहेत, घर ते बघतील. मूल तेव्हा चार वर्षांचं असेल. आई इतके दिवस फोनवरसुद्धा नाही, हे एवढ्या लहान मुलाला कसं सांगायचं?

झुळूक

@सावली_७, माझी मुलगी त्याच वयाची होती. "आई दूर गेलीय" असं मोघम सांगू नका, जागा दाखवा. मी तिला केंद्राचा फोटो दाखवला होता आणि तिथे सगळे न बोलता बसतात म्हणून सांगितलं होतं. दहा-बारा चौकटींचा कागद भिंतीवर लावला, रोज रात्री बाबाबरोबर एक रंगवायची. एक चौकट जास्तीची ठेवा, उशीर झाला तर. आणि रोज एक छोटं चित्र मला सांगण्यासाठी काढून डब्यात टाकायचं, हे तिनेच शोधून काढलं.

आल्यावर ती मला चिकटेल असं वाटलं होतं. ती आधी थोडी रुसून लांब बसली. मुलं बसतात, घाबरू नका. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, कुणाला भेटायला बोलावू नका. जमिनीवर तिच्याजवळ बसा आणि तो डबा उघडा. माझ्या मुलीने एकेका चित्राचं इतकं सविस्तर सांगितलं की संध्याकाळची बैठक राहिली.

जायच्या आधी यजमानांबरोबर एक शनिवार-रविवार रंगीत तालीम करा. तुम्ही माहेरी, ते आणि मूल घरी, फोन बंद. रात्री मूल उठतं तेव्हा बाबाला काय सुचतं ते तिथेच कळेल.